पलीकडची थाळी

नाही, खुर्ची नको मले. पायरीवरच बरी मी. अन् त्या दुसऱ्या खुर्चीवर तर बसतच नाही, ते तुमी कोनासाठी मांडून ठेवली ते तुमालेच ठाव — राहू द्या, राहू द्या, उठू नका, कॉफी प्या तुमची. उभ्यानं भांडाची सवय हाये मले, पन गुडघे आता माहं ऐकत नाहीत. हां. बसली. आता सांगते. मी मथुराबाई. तुमाले जंगलात न्याले रोज गेटावर उभा राहते तो जिप्सीवाला राजदीप, त्याची आजी. अन् विहारावरच्या ज्या भोंग्याची तुमी तक्रार केली ना रिसॉर्टच्या मॅनेजरजवळ, त्या भोंग्यावरची बाई ते मीच. मॅनेजर म्हने, मथुराबाई, मॅडमची माफी मागा, मॅडम हो म्हनल्या तर भोंगा परत घेऊन जा अन् आज सांजीचं वाचन करा. म्हनून आली. माफी मागाले आली मी. पन थांबा, दम लागला. तुमच्या मॅनेजरनं काठानं तारेचं कुंपन ओढलं, आमची पायवाट बंद केली, आता सारा वळसा घालून गेटानं याव लागते, अन् गेटावरचा तो शिटीवाला मले इचारते, आजी, कोनाकडं? माह्याच तलावावर मले इचारते, कोनाकडं.

माहा तलाव म्हनलं तर कपाळाले आठी पडली तुमच्या. पडू द्या. तिकडं जेवाच्या हॉलात पितळी अक्षराची पाटी लावली हाये — आता येता येता वाचली मी, मले वाचता येते — ‘घनदाट वनराईच्या कुशीतील निसर्गनिर्मित सरोवर’. निसर्गनिर्मित. काहून, निसर्गाचं नाव मथुरा होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खोदलं हे. सारं गाव अन् सारा तांडा कामावर होता. इथं खाली निसता ओढा होता, उन्हाळ्यात पोरीच्या वेनीएवढी धार. तुमी सकाळी कानात वायर घालून ज्या पाळीवर चालाले जाता ना, ते पाळ आमी टोपल्यानं रचली. दुपारी सुकडी भेटे, घरी लाल ज्वारी, बाहेरदेशातून आलेली, तिची भाकर भिंतीवर मारली तर भिंत फुटंन. सोळा वर्सांची होती मी. नुकतीच नांदाले आलती या गावात, नखातली हळद गेली नवती अन् त्याच नखात मुरूम भरला.

आता हे पुढचं ध्यान देऊन ऐका. हे समजलं तर बाकीचं समजंन, नाहीतर मंग तुमी अन् तुमची कॉफी. कामाची एक रीत होती. बाया रांगेत उभ्या राहत, खड्ड्यापासून तर पाळीच्या माथ्यापर्यंत, अन् टोपलं हातोहात वर जाए. देनारीनं म्हनाचं ‘घे’. घेनारीनं म्हनाचं ‘हाव’, म्हंजे हो, घेतलं. ते हाव म्हनेपर्यंत टोपलं सोडाचं नाही. मुकडदम बोंबलो, डोक्यावर ऊन फुटो, बोटं तुटो — सोडाचं नाही. एका बाईनं घाई केली, हाव ऐकाच्या अगुदर सोडलं, अन् वरच्या बाईच्या पायाचा पंजा गेला कामातून. मुरमाचं टोपलं ते, कापसाचं नाही. तवापासून तर रांगेत दुसरं काही बोलनंच नाही, घे — हाव, घे — हाव, दिवसभर. माह्या वरती कोन होती, तर सुखी. तांड्यातली सुखीबाई. ते बंजाऱ्याची, आमी बौद्ध. बोली येगळी, लुगडं येगळं, प्याच्या पान्याचा माठ येगळा. तिच्या सासूनं सांगून ठेवलं होतं, त्यायच्या हाताले हात लावू नको. आता सांगा, हाताले हात लागल्याबिगर टोपलं वर जाते का? संध्याकाळी तिच्या तळव्याचं सोललेलं कातडं माह्या बोटाले चिकटलेलं राहे. सासू बापडी काय काय धुनार होती.

अन् अक्कल पाहा आमची. काम सरलं, पावसाळा आला, पानी भरलं, तवा ध्यानात आलं — तांडा त्या काठाले अन् गाव या काठाले. पहिले ओढा ओलांडला का तिचं आंगन. आता मधात हे एवढं पानी, अन् ते आमीच खोदलेलं. दोघी काठाकाठावर उभ्या राहून पाहत राह्यलो. ते तिकडून काहीतरी बोंबलली, मले ऐकूच आलं नाही. मंग काय, जनम गेला वळसा घालू घालू. पाळीवरून जाचं, सांडव्याशी भेटाचं, तिनं हिंगाची फोडनी देल्ली डाळ आनाची, मी बिबे आनाचे, दोघीयनं पाय पान्यात सोडून दोघीयच्या सासवाले शिव्या द्याच्या. हा तुमचा लाकडाचा ओटा उभा हाये ना, जिथं संध्याकाळी ते शेगडी पेटवून गिटार वाजवतात, तिथं आमी शिव्या देत होतो. चांगली जागा हाये. शिव्यायची जागा हाये.

मले वाचाले कोनी शिकवलं? कोनी नाही. कोनाची हिंमत. एस्टीच्या पाट्या वाचू वाचू शिकली. पहिला शब्द पांढरकवडा. तुमी लोकं ‘कमळ’ पासून सुरू करता, मी पांढरकवड्यापासून केली, म्हनून पुढचं सारं सोपं गेलं. मंग दारव्हा, मंग कपाशीच्या बियान्याच्या थैल्या, मंग फवाऱ्याच्या डब्यावरचं ‘विष’, मंग ग्रंथ. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज सांजी ग्रंथ वाचतात, वर्षावास म्हनतात त्याले, अश्विनी पोर्निमेले समाप्ती. पोर्निमा आली आता दारात. अगुदर इंदुताई वाचे. तिचे दात पडले, ‘सम्यक’ म्हनाले गेली तर समोरच्यावर पाऊस पडे. मी म्हनलं, आना इकडं. सारे म्हनले, तू? शाळेचं तोंड न पाह्यलेली? तवापासून वाचून राह्यली. एक पावसाळा सुटला नाही. ताप असो, घरात मयत असो. हा पहिला, मधातच थांबला.

भोंगा कायले पायजे? हां, हेच इचारलं मॅनेजरनंही — तुमच्या बुद्धाले भोंगा लागते का, मथुराबाई, चार भिंतीत वाचा. मी सांगितलं नाही त्याले. तुमालेही सांगनार नवती. पन बसलीच आता तर ऐका. सुखीचे डोळे गेले. काचबिंदू. मंग कंबर गेली. खाटेवर हाये लय दिवसांची, गंज दिवसांची. सांडव्यावर कशी येईन ते? तवा मी भोंग्याचं तोंड तलावाकडं वळवून घेतलं. मंडळाचे लोकं म्हने, मथुराबाई, गावाकडं वळवा ना, गाव ऐकनार हाये. मी म्हनलं, गावाले पाय हायेत, गाव विहारात येते. जिले पाय नाहीत तिच्याकडं तोंड पायजे. अन् निसता ग्रंथ ऐकंन ते सुखी? तिले बुद्धाचं काय. ते म्हने, मथुरा, तुहा ग्रंथ गोड, पन तुही चुगली त्याच्याहून गोड. मंग दर दोन पानाले एक बात तिच्यासाठी. सुखी, यंदा कपाशीले बोंड बरे हायेत. सुखी, उकंड्याची म्हैस याली, वगार झाली. सुखी, तुही सून राखी बाजारात हिरव्या साडीत दिसली मले, तुले जुनीच हाये म्हनली असंन, घडी मोडाची होती. एकडाव भंतेजी आलते पाहुने, म्हने, बाई, हे ग्रंथात कोन्या पानावर हाये? मी म्हनलं, समासात. हासले बिचारे. वाचन सरलं का मी भोंग्यावर म्हनते, ‘घे, सुखी’. अन् तिकडून ते काशाची थाळी वाजवते. खाटेपाशीच ठेवली हाये, पळीनं वाजवते. पान्यावरून असा आवाज येते, जसा कोनी आपल्याच आंगनात वाजवला. ते तिचं हाव. ते ऐकलं का मी ग्रंथ मिटवते. न ऐकता कधी मिटवला नाही.

तर हे भोंग्याचं कारन. बुद्धाले नाही लागत. मले लागते.

अन् तुमाले शांतता पायजे होती. मॅनेजर म्हने, मॅडम शांततेसाठी एवढ्या लांबून आल्या. जंगलात शांतता असते असं कोनी सांगितलं तुमाले? पहाटेपासून मोर कोकलते, वानरं खोकतात, रात्री कोल्ह्याची बारात निंगते, अन् वाघ निंगाला का चितळ सारं रान उठवते. त्याची तक्रार केली का? नाही. त्याचा तर तुमी मोबाईल धरून आवाज भरून घेता, राजदीपनं सांगितलं मले. चितळाचं वरडनं चालते, मथुराबाईचं नाही चालत. आमच्या विहारावर शिडी लावून, रिसॉर्टची मानसं चढवून, भोंगा काढून नेला यायनं — म्हने, जंगलाच्या हद्दीत चालत नाही — अन् त्याच रोजी इथं शेगडीपाशी माइकवर गानं म्हनत होते. ते जंगलाच्या हद्दीत चालते. काहून का, त्याचं तोंड खुर्च्यायकडं असते.

काय? फोन?

फोन लावा तिले, म्हनता. सारे तेच म्हनतात. राजदीपही म्हनते, आजी, राखीच्या मोबाईलवर लावून देतो, बोल. अन् तांडा काय समुंदरापार हाये का, जिप्सीत बसवून नेतो. दोन्ही गोष्टी सांगते, मंग पुन्हा इचारू नका. फोन सुखी मानत नाही. अन् तांड्यात मले बंदी हाये.

बंदी म्हंजे बंदी. तिच्या दिरानं, देवसिंगनं, भर चौकात सांगितलं — मथुराबाईनं तांड्यात पाय ठेवला तर तंगडी तोडीन. तोडंनही. पक्का हाये तो. काहून, ते कायले पायजे तुमाले. हे बोलाले नवती आली मी. ... बरं. तिचा एकच मुलगा, बादल. हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवे. पाहाले कसा, आला का घर भरे. मागच्या पावसाळ्यात गेला. उभ्या ट्रेलरवर आदळला, रात्रीचं. घरच्यायनं ठरवलं का म्हातारीले सांगाचं नाही, तिचं काळीज कमजोर हाये. तिकडंच नेलं, तिकडंच जाळलं, तांड्यात आनलंच नाही. सुखीले सांगितलं, लांबचा माल भेटला, मद्रासकडं गेला. साऱ्या तांड्यानं तोंड शिवलं. राखीनं टिकली काढली, बांगड्या काढल्या — आंधळीले काय दिसते. पन बांगड्यायचा आवाज नाही आला तर समजंन म्हनून सासूच्या खाटेपाशी जाताना बांगड्या घाले, बाहेर येऊन काढे. अन् सुखी इचारे, बादलचा फोन काहून नाही. तर राखीच्या मोबाईलात त्याचं जुनं बोलनं भरलेलं होतं, ते कानाशी लावत. ‘याडी, जेवली का? येतो मी.’ याडी म्हंजे माय, त्यायच्या बोलीत. मेलेल्या पोराचा आवाज. रोज. रोज तेच — याडी, जेवली का — अन् सुखी उत्तर दे, हो, जेवली, तू जेवला का, अन् तो पुढचं काही बोलेच ना, म्हने लाइन कटली.

देवसिंग माह्याकडं आलता. हात जोडून आलता तवा. म्हने, मथुराबाई, भोंग्यावर बोलू नको. नाही बोलली मी. कपाशीचं बोलली, म्हशीचं बोलली. सुखीची थाळी रोज वाजे, मजेत वाजे. मंग ग्रंथात ते गोष्ट आली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन एक माय दारोदार फिरते, अन् तिले सांगतात का ज्या घरी कोनी मेलं नाही तिथची मूठभर मोहरी आन. साऱ्यायले ठाव हाये ते गोष्ट. दर पावसाळ्यात वाचते मी, कधी आवाज हालला नाही. त्या रोजी पान सरलं अन् मी थांबली. विहार म्हने, काय झालं, चष्मा पुसा. मी म्हनलं — भोंग्यात म्हनलं — सुखी, ऐक. तुहा बादल गेला. ट्रकमधी गेला. फोनात तो नाही. सारे खोटे बोलतात तुह्याशी. घे, सुखी.

त्या रोजी थाळी वाजली नाही.

तोंड कायले असं करता? तुमी सांगितलं असतं का नसतं? सांगा ना. सारे म्हनतात चूक केली. देवसिंग काठी घेऊन आलता दुसऱ्या रोजी सकाळी, राजदीप मधात पडला म्हनून वाचली. विहारातल्यायनंही तोंड फिरवलं. मी कोनाची माफी मागितली नाही. मेलेल्याले जिता ठेवून मायले त्याच्याशी बोलाले लावनं, ते चूक नाही अन् माही चूक? टोपलं माह्या हातात होतं. जड होतं. सोडता येत नवतं अन् धरताही येत नवतं. तर मी घे म्हनलं. अन् दुसऱ्या रोजी सांजी, वाचन अजून सरलंही नवतं, मधातच — थाळी. मोठ्यानं. इतकी मोठ्यानं का बगळे उडाले त्या झाडावरचे. तवापासून सुखी कोनाचं काही मानत नाही. सून म्हनंन पाऊस पडून राह्यला, तर म्हने, मथुरा म्हनली का? फोन कानाशी धरला तर फेकून देते. फोनात मेलेलेही बोलतात, तिले ठाव हाये. भोंग्यावरचं तेवढं खरं.

अन् आता तीन रोज झाले, भोंगा नाही. समजून राह्यलं का मी काय सांगून राह्यली? पहिल्या रोजी थाळी वाजली, निसतीच, कशाच्या मागून नाही. इचारत होती ते. मी काठावर उभी, तुमच्या तारेपाशी. बोंबलली मी. जेवढा दम होता तेवढा बोंबलली, या वयात, गावाची पोट्टी जमा झाली पाहाले. पानी लय रुंद हाये. दुसऱ्या रोजी गंज वेळ वाजवली. काल वाजवली, पन बारीक. दोनदा अन् थांबली. राजदीपले पाठवलं मी, का जा, सांग, आजी धडधाकट हाये, भोंगा नेला म्हनून. तो सांगून आला. सुखी त्याले काय म्हनली ठाव हाये? म्हनली, बादलच्या वक्तीही अशीच चांगली चांगली पोट्टी येऊन सांगत होती, चांगला हाये म्हनून.

तिले वाटते मी मेली.

आता सांगा, कोन कोनाची माफी मागाची. नाही, मागते मी, मागते, मॅनेजर तिकडं खिडकीतून पाहून राह्यला, त्याले दिसंन असं हात जोडू का? तुमी निसतं एवढं म्हना त्याले, का भोंग्यानं मले तरास नाही. तेवढंच. आवाज बारीक करतो आमी पाह्यजे तर. तुमच्याकडून फिरवतो थोडा —

काय?

आवाजाचं नाही? आवाजाचं नाही तर कायचं? तक्रार तर आवाजाचीच केली तुमी.

... मी काय बोलली भोंग्यावर? मी गंज बोलते. कवा? परवाच्या परवा. सुखीले सांगत होती — हां. हां, ते. आता तुमाले ते समजलं कसं? तुमची बोली तर अशी पुन्याकडची, इस्त्री केल्यासारखी. आमचं बोलनं तुमाले कसं समजलं? मी तर म्हनलं इथं उतरनाऱ्यायले काय कळते, ते मोराचं ऐकतात तसं आमचं ऐकतात. आई इकडची? कोठची? लोहाऱ्याची. यवतमाळच्या लोहाऱ्याची. असं म्हना. मंग घरात आमच्याच बोलीत रागवत असंन. असंनच. रागवाले आमच्या बोलीसारखी बोली नाही.

म्हंजे तुमी सारं ऐकलं. बरं. ऐकलं तर ऐकलं. काय खोटं बोलली मी? ‘सुखी, रिसॉर्टात एक एकटी बाई उतरली. पैसे भरून जिप्सीत बसत नाही, वाघाच्या गावी येऊन वाघ पाहत नाही. सकाळ-सांज दोन खुर्च्या मांडते, दोन कप भरते, अन् रिकाम्या खुर्चीसंग बोलते. डोकं तरी फिरलं असंन, नाहीतर नवऱ्यानं सोडली असंन.’ हे बोलली. हो, विहार हासलं. तांडाही हासला असंन. राजदीपनं घरी सांगितलं मले, मी सुखीले सांगितलं. तिले दिसत नाही, तिचे डोळे मी हाये, मले जे दिसते ते मी तिले सांगते, तुमी सुंदर असत्या तर सुंदर सांगितलं असतं. खुर्ची तर हायेच की नाही? हे काय हाये मंग? हा कप कोनाचा?

...

आईचा.

कवा गेली?

अन् तिलेच यावं वाटत होतं इथं. हं. लोहाऱ्यात जनमली अन् जंगल पाह्यलं नाही. तसंच असते. आमी साऱ्यायनं जंगल पाह्यलं ते सरपनाच्या मोळीखालून, मान खाली घालून. दोघीयचं बुकिंग केलं होतं तुमी. रद्द नाही केलं. ... बरं. नवऱ्यानं सोडली म्हनलं ते माहं चुकलं. तेवढं चुकलं. डोकं फिरल्याचं अजून पाहू.

पन मंग, पोरी, तुले तर समजाले पायजे होतं. दुसऱ्या कोनी केलं असतं तर मी म्हनलं असतं, जाऊ दे, शहरातलं येडं. तू ज्या खुर्चीसंग बोलून राह्यली ते हाव म्हनत नाही. कवाच म्हननार नाही, किती कप भर. माही म्हनत होती. पान्यापलीकडून, आंधळी, खाटेवरून, रोज म्हनत होती. अन् तू एका फोनात ते बंद केलं, का तर म्हातारीनं चार मानसांत तुही गोष्ट सांगितली. मले येऊन बोलाचं होतं. तारेपाशी येऊन शिव्या द्याच्या होत्या मले, आईच्या बोलीत. मी देल्ल्या असत्या, तू देल्ल्या असत्या, झालं असतं. तक्रार कायले? मॅनेजर कायले मधात?

रडू नका. रडून भोंगा चढत नाही विहारावर. अन् माह्याकडं पाहू नका, मी तुमची आई नाही, मले जवळ घ्यासाठी नाही आली मी. हां, लावा फोन मॅनेजरले, लावा. सांगा त्याले — थांबा.

थांबा जरा. तिकडं पाहा. दिवस टेकला त्या सागवानावर. हाच टाइम हाये. भोंगा नसला तरी ते वाजवते या टाइमाले, तीनही रोज वाजवली, इचारते — मथुरा, हायेस का? तुमाले ऐकवते आता. तुमी ऐकलीच असंन, पन तवा तुमाले ठाव नवतं कायची हाये ते. तुमी म्हनलं असंन कोनी भांडे आपटून राह्यलं. आता ऐका.

...

बगळे बसले पाहा.

राखी भाकरी टाकत असंन. थाळी खाटेपाशीच असते, पन पळी असते चुलीपाशी. ते आनून द्याव लागते.

वारा तर तिकडूनच हाये. पानी इकडं सरकून राह्यलं, दिसते ना, ते पान इकडंच येऊन राह्यलं. म्हंजे आवाज याले पायजे. बारीक असला तरी याले पायजे.

त्या रोजीही नवती वाजली. बादलच्या. मंग दुसऱ्या रोजी वाजली.

... नाही, ते माकड होतं. फांदी मोडली.

काय म्हनता? मॅनेजर हो म्हनला? आत्ता भोंगा आनून देतो म्हनला? देऊ द्या. तिकडं विहाराच्या ओट्यावर ठेवा म्हनाव. राजदीप चढवंन. मी येते मांगून. नाही, हात नका देऊ मले, मी उठून नाही राह्यली. इथंच बसते जरा. इथून तांडा समोर पडते.

ते कप उचला तुमचे. खुर्च्याही घ्या आत, सरकवताना करकर वाजतात. तुमीही जा. जा म्हनलं ना. दार हळू लावा, अन् कोनाले इकडं येऊ देऊ नका.

मले शांतता पायजे.